लॅटिनम : पैसा नाकारणाऱ्या विश्वातील चलन

प्रस्तावना

'स्टार ट्रेक' या अमेरिकन विज्ञानकथा-विश्वाचा आरंभ १९६६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेच्या रूपाने झाला. या विश्वातील पृथ्वीवासी मानवाने दारिद्र्य आणि आपापसांतील युद्धे मागे टाकली आहेत. त्यांच्याबरोबर त्याने पैशाचाही त्याग केला आहे. चोविसाव्या शतकात पैसा अस्तित्वात नाही, असे 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' (१९९६) या चित्रपटात कॅप्टन पिकार्ड अभिमानाने सांगतो. मात्र त्याच विश्वातील 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९) या मालिकेत 'गोल्ड-प्रेस्ड लॅटिनम' हे चलन सर्रास वापरले जाते. हा विरोधाभास म्हणजे पटकथाकारांची अनवधानाने झालेली चूक आहे काय? प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे, की लॅटिनम हे या आदर्श समाजाच्या कल्पनेवरील सर्वांत मार्मिक भाष्य आहे. पैसाविरहित समाजाची नैतिकता कोणाच्या आधारावर उभी असते, हा प्रश्न त्यातून पुढे येतो.

लॅटिनमचे स्वरूप

लॅटिनम हा द्रवरूप धातू आहे. व्यवहारात हाताळता यावा म्हणून तो सोन्यात बंदिस्त केला जातो. स्लिप, स्ट्रिप, बार आणि ब्रिक ही त्याची चढती परिमाणे होत. या विश्वात 'रेप्लिकेटर' हे यंत्र अन्न, वस्त्र आणि बहुतेक वस्तू क्षणार्धात तयार करते. जे हवे तेवढे तयार करता येते, त्याला चलन म्हणून किंमत उरत नाही. लॅटिनमचे मोल टिकून राहते, त्याअर्थी ते या यंत्रातून निघत नसावे, असे अनुमान करावे लागते.

'हू मोर्न्स फॉर मॉर्न?' (१९९८) या भागात हे चलन कथानकाच्या केंद्रस्थानी येते. मद्यगृहाचा चालक क्वार्क याच्या हाती सोन्याच्या विटांचा मोठा साठा लागतो. परंतु त्यांतील लॅटिनम आधीच काढून घेतलेले असते. केवळ सोने उरले म्हणून क्वार्क आक्रोश करतो. हा प्रसंग विनोदी असला तरी त्यातील आशय गंभीर आहे. मानवी इतिहासात जे सोने मूल्याचे मापदंड होते, ते येथे निव्वळ वेष्टन ठरते. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली परिवर्तनीयता थांबवली, तेव्हा सोन्याशिवायही चलन चालू शकते हे जगाने अनुभवले. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी 'पैशाचे तत्त्वज्ञान' (१९००) या ग्रंथात पैशाचा व्यवहार परस्परविश्वासावाचून चालू शकत नाही, असे दाखवून दिले होते. या दृष्टीने पाहता लॅटिनम हे अपरिचितांमधील विश्वासाचे मूर्त रूप आहे.

सीमेवरचा व्यवहार

या मालिकेचे अवकाशस्थानक बाजोर ग्रहाचे असून त्याचे प्रशासन फेडरेशनच्या स्टारफ्लीटकडे आहे. तेथे अनेक वंशांचे लोक येतात. त्यांचे कायदे वेगळे आणि नीतिकल्पनाही वेगळ्या. एकाच कुटुंबात हिशेब ठेवण्याची गरज नसते. परक्याशी व्यवहार करताना ती भासते. फेडरेशनने पैसा संपवला तो आपल्या घरात. उंबरठ्याबाहेर त्यालाही लॅटिनम लागते. फेडरेशनचे अधिकारी क्वार्ककडे मद्य घेतात, जुगार खेळतात. पण त्यासाठीचे लॅटिनम त्यांच्याकडे येते कोठून, याचा समाधानकारक उलगडा मालिका करीत नाही.

'इन द कार्ड्स' (१९९७) या भागात हा पेच सर्वाधिक स्पष्ट होतो. खिन्न झालेल्या वडिलांना भेट देण्यासाठी जेक सिस्को याला लिलावातील एक जुने बेसबॉल कार्ड हवे आहे. जवळ पैसा नसल्याने तो नॉग या फेरेंगी मित्राची पुंजी मागतो. मानवाने पैसा सोडून आत्मोन्नतीचा मार्ग धरला, असे त्याचे समर्थन असते. तसे असेल तर माझ्या पैशाची तुला गरज नाही, अशा आशयाचे उत्तर नॉग देतो. जेकचा वैचारिक अभिमान क्षणात कोलमडतो. त्याची निरिच्छता खरी आहे. मात्र तिची किंमत मोजण्यासाठी नॉगची बचत पणाला लागणार असते. पुढे लिलाव हातचा जातो आणि दोघांना अनेकांची कामे करून ते कार्ड मिळवावे लागते. चलन बाजूला झाले तरी देवाणघेवाण संपत नाही, हे यातून सूचित होते.

कलंक कोणाच्या माथी?

लॅटिनमची हाव मालिकेने प्रामुख्याने फेरेंगी वंशाच्या वाट्याला दिली आहे. बुटका, मोठ्या कानांचा, धूर्त व्यापारी हे त्यांचे चित्रण युरोपातील ज्यूविरोधी व्यंगचित्रांची आठवण करून देते, हा आक्षेप अनेकांनी घेतला असून तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. पैशाचे सर्व दोष एका वंशावर लादले, की उरलेल्यांना निष्कलंक राहणे सोपे जाते.

तथापि मालिकेने या साच्याला आतून तडेही दिले आहेत. 'फॅमिली बिझनेस' (१९९५) मध्ये क्वार्कची आई इश्का हिच्यावर नफा कमावल्याचा ठपका येतो, कारण फेरेंगी कायद्याने स्त्रीला तो हक्क नाही. येथे लॅटिनम हे तिच्या स्वातंत्र्याचे साधन बनते. 'बार असोसिएशन' (१९९६) मध्ये क्वार्कचा भाऊ रोम कामगारांची संघटना उभारून संप करतो. अखेरीस क्वार्क मागण्या मान्य करतो. अट एवढीच, की संघटना विसर्जित व्हावी. वेतन वाढले, पण ते संघटितपणे मागण्याचा अधिकार उघडपणे मान्य झाला नाही. पैसाविरहित फेडरेशनच्या कथेत असा संघर्ष उद्भवलाच नसता. शोषण आणि प्रतिकार या दोहोंना बोलते करण्यासाठी पटकथाकारांना चलनाची गरज भासली, हे लक्षणीय आहे.

समारोप

लॅटिनम हे केवळ कल्पनारम्य नाणे नाही. विपुलतेच्या समाजाला पैसा नाकारता येतो. पण ज्यांच्यापर्यंत ती विपुलता पोहोचलेली नाही, त्यांच्याशी संबंध येताच तो नकार अपुरा पडतो. जेकला पैशाचा मोह नाही, कारण त्याला उपाशी राहण्याची भीती नाही. नॉग बचत करतो, इश्का लपवून कमावते, रोम संप करतो. या तिघांना ती निश्चिंतता उपलब्ध नाही. म्हणूनच निर्लोभतेचे मूल्यमापन करताना ती कोणत्या सुरक्षिततेवर उभी आहे, हे तपासणे आवश्यक ठरते. 'डीप स्पेस नाइन'ने ही तपासणी लॅटिनमच्या माध्यमातून शक्य केली. फेरेंगींच्या चित्रणातील गंभीर दोष मान्य करूनही, तिचे हे श्रेय नाकारता येत नाही.