पुडक्यातले शेवाळ
लावणीनंतर आठवड्याभराने भातखाचरात हेक्टरी १० किलो वाळवलेले नील-हरित शेवाळ टाका, २५ ते ३० किलो नत्र मिळेल. अनेक पुस्तिकांत हे वाक्य असते. आकडा खोटा नाही; तो ज्या अटींवर उभा आहे त्या गाळलेल्या असतात, ही आमची तक्रार.

नॉस्टॉक, ॲनाबिना यांना आपण सवयीने शेवाळ म्हणतो. खरे तर ते जिवाणू. हवेतले नत्र बांधणारे त्यांचे विकर ऑक्सिजनमुळे निकामी होते; म्हणून माळेतल्या काही पेशी जाड भिंतीच्या बनतात आणि ऑक्सिजन सोडणेच थांबवतात. या गमतीला पुस्तिकेत दोन ओळीही मिळू नयेत?

पी. के. डे यांनी १९३९ मध्ये भातजमिनीच्या टिकाऊ सुपीकतेचे श्रेय याच जिवांना दिले. म्हणजे पुडके येण्याआधीपासून ते खाचरांत आहेतच! त्यांची वाढ ठरते ती स्फुरदावर, उन्हावर, त्यांना खाणाऱ्या गोगलगायींवर. आम्ल माती त्यांना मानवत नाही. कोकणात हे आधी सांगायला हवे. पाण्यात युरिया फेकला की नत्रबंधन मंदावते. शिवाय बांधलेले नत्र बरेचसे शेवाळाच्या अंगातच राहते, ते कुजल्यावर भाताला मिळते.

शाळेत दोन पसरट भांड्यांत एकाच खाचरातली माती व पाणी घ्यावे, एकातच पुडके टाकावे आणि दोन्ही उन्हात ठेवावीत. दोन्ही हिरवी झाली, तर पुडक्याने नेमके काय केले, हे मुलांना विचारावे.