अठ्ठेचाळीस तासांचा पैसा कुणापर्यंत पोचतो?

रिसर्च ग्रँटचा अर्ज तुम्ही कधी भरला असेल, तर 'फास्ट ग्रँट्स'चे नियम वाचून तुम्हाला हेवा वाटेल. एप्रिल २०२०मध्ये अर्थतज्ज्ञ टायलर कोवेन, 'स्ट्राइप'चे पॅट्रिक कॉलिसन आणि जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक शू यांनी देणगीदारांच्या पैशांवर ही योजना सुरू केली. अर्ज अर्ध्या तासात भरून व्हायला हवा, उत्तर ४८ तासांत मिळायला हवं. रक्कम १० हजार ते ५ लाख डॉलर. पहिल्याच आठवड्यात हजारो अर्ज आले. पुढे ५ कोटी डॉलरहून जास्त पैसा २६०च्या वर प्रकल्पांना गेला. लाळेवरून कोविड ओळखणारी येल विद्यापीठाची 'सलायवाडायरेक्ट' चाचणी त्यातलीच. म्हणजे योजना चालली, यात वाद नाही.

या तिघांनी २०२१मध्ये आपल्या अनुभवावर एक लेख लिहिला. तो वाचा, पण जरा खडूसपणे वाचा. पाहणीत ६४ टक्के लोक म्हणाले, हा पैसा नसता तर काम झालंच नसतं. कोण म्हणाले? ज्यांना पैसा मिळाला ते. पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला जेवण कसं होतं विचारलं, तर तो दुसरं काय सांगणार? ज्यांना नकार मिळाला त्यांचं पुढे काय झालं, हे त्या आकड्यात नाही.

त्याच लेखात एक प्रांजळ वाक्य आहे. पहिल्या वीस नामांकित विद्यापीठांतून इतके अर्ज येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं, असं ते सांगतात. त्यांनी अर्थ काढला, की बड्या विद्यापीठांतही पैशाची चणचण आहे. असेलही. मला त्यात दुसरंही काही दिसतं. अशी बातमी आधी कुणाच्या कानावर जाते? आणि दोन दिवसांत निवड करायची तर परीक्षक कशाकडे बघणार? नावाकडे, विद्यापीठाकडे. शिवाय अर्ज करायला स्वतःची लॅब लागायची. हातात पिपेट असलेले आपण पोस्टडॉक त्यात बसतच नव्हतो. लांबलचक फॉर्मला मीही शिव्या घालते, पण अनोळखी माणसाला स्वतःची बाजू मांडायची जागा तेवढी एकच असते, हे विसरून चालत नाही.

आता लेस्टरकडे बघा. ब्रिटनमध्ये कोविडने गेलेले पहिले दहा डॉक्टर अल्पसंख्याक वंशांचे होते, हे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या चांद नागपॉल यांनी एप्रिल २०२०मध्येच जाहीरपणे दाखवून दिलं होतं. तुमच्यापैकी कितीजणांच्या घरात एनएचएसचा बिल्ला आहे, ते मी सांगायला नको. असं का होतंय, हा प्रश्न तेव्हापासून उघड्यावर होता. लेस्टर विद्यापीठाच्या मनीष पारीक यांच्या नेतृत्वाखालच्या 'यूके-रीच' अभ्यासाला त्यासाठी सुमारे २१ लाख पौंड सरकारी निधी जाहीर झाला, तो जुलैमध्ये. तोवर २९ जूनला लेस्टरवर देशातला पहिला स्थानिक लॉकडाऊन लागलेला होता. कर्मचाऱ्यांची मोठी प्रश्नावली सुरू झाली डिसेंबरमध्ये. लसीकरणही त्याच महिन्यात सुरू झालं.

हा उशीर फक्त पैशाचा नव्हता, हे मान्य करायला हवं. नोंदणी संस्थांकडून माहिती मिळवायची, नैतिक परवानग्या काढायच्या, आणि आधीच घाबरलेल्या माणसांना विचारायचं की तुम्हाला मास्क मिळत होता का, वरिष्ठांशी बोलायची सोय होती का. हे सगळं ४८ तासांत येणाऱ्या चेकने होत नाही. चाचणी किंवा औषध शोधणाऱ्या लॅबला जलद पैसा पुरतो. माणसांचा विश्वास लागतो तिथे पैसा देणाऱ्याने आणखी काहीतरी द्यावं लागतं.

असं देणारा एकजण मुंबईत होऊन गेला. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीत प्लेग सापडला. ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात कामाला लागले. सरकारने दिमतीला काय दिलं? एक कारकून आणि तीन शिपाई. १० जानेवारी १८९७ला त्यांनी स्वतःला लस टोचून घेतली. पुढे कामाला जागा पुरेना, तेव्हा तिसरे आगाखान यांनी आपला 'खुश्रू लॉज' प्रयोगशाळेला दिला. तेव्हा ते जेमतेम विशीत होते. पण बंगला देऊन ते थांबले नाहीत. लोकांसमोर त्यांनी स्वतः लस घेतली, आणि त्यांचे हजारो खोजा अनुयायी टोचून घ्यायला तयार झाले. त्याच १८९७मध्ये पुण्यात रँडचे सैनिक प्लेगचे रोगी शोधत लोकांच्या घरांत घुसत होते. त्याचा शेवट कसा झाला ते तुम्हाला माहीत आहे.

आगाखानांनीही ओळखीच्या, नावाजलेल्या शास्त्रज्ञालाच मदत केली, हे खरं. पण ज्यांच्या दंडावर सुई जाणार होती ते लोकही त्यांच्या ओळखीचे होते. 'फास्ट ग्रँट्स'ची ओळख एकाच बाजूला होती.

त्यामुळे पुढच्या साथीत कुणी अब्जाधीश झटपट निधी काढेल, तेव्हा अर्ज किती मिनिटांचा आहे हे मी शेवटी बघेन. आधी बघेन की लेस्टरच्या हॉस्पिटलमधली एखादी नर्स किंवा वॉर्डातला सफाई कामगार त्यात प्रश्न घालू शकतो का. लॅब नंतर शोधता येते. निधीतला थोडा हिस्सा अशा प्रश्नांसाठी बाजूला काढायला फार तर एक जादा मीटिंग लागेल.