कोरीव खांबांचे कुजलेले पाय

जुना वाडा दुरुस्त झाला की वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते बहुधा महिरपीचे. केळफुले, सुरूदार खांब, गणेशपट्टी, तेल पाजून चकचकीत केलेला सागवानी कठडा. पुण्याच्या विश्रामबागवाड्याचे नाव अशाच देखणेपणावर टिकून आहे आणि त्यात वावगे काही नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातली, १८०७ च्या सुमाराची ती नक्षी आजही माणसाला रस्त्यात थांबवते. पण लाकडी घरांच्या जीर्णोद्धाराची कला कोणत्या अवस्थेत आहे हे महिरपीवरून कळत नाही. ते कळते छताच्या वर, तुळईचे टोक भिंतीत शिरते त्या अंधाऱ्या जागी. तिथे पाहिले तर गेल्या काही दशकांचा हिशेब उलटा लागतो. कोरीव काम करणारे हात मिळतात, त्यांना मान आणि दाम मिळतो. कुजलेल्या लाकडाला सांधा देऊन तेच लाकूड पुन्हा भाराला उभे करणारा सुतार मात्र दुर्मीळ होत चालला आहे. या कलेत आपण दर्शनी बाजूने पुढे आणि आतल्या बाजूने मागे गेलो आहोत.

वाडा म्हणजे जाड भिंतींचे घर, असा सर्वसाधारण समज. प्रत्यक्षात बराचसा भार उचलते ती लाकडाची चौकट. दगडी उथळ्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचुन्याचा थर. घराचे मापही खणात सांगितले जाते, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतरात. सांधे कुसवांचे: एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसते आणि लाकडी मेख ते धरून ठेवते. ही चौकट कुजते तीही ठरावीक जागी. उथळ्याला टेकलेला खांबाचा तळ, भिंतीत रुतलेले तुळईचे टोक, गळक्या पन्हाळीखालचा वासा. मधले आठ-दहा फूट लाकूड दोनशे वर्षांनीही खणखणीत निघते. म्हणून खरी दुरुस्ती बेताची आणि किचकट असते. वरचा मजला टेकूंवर तोलायचा, कुजका हात-दीड हात भाग कापून टाकायचा, उरलेल्या लाकडात तिरका, लांब सांधा पाडायचा, त्यात तितक्याच मुरलेल्या सागाचा तुकडा तंतूंची दिशा जुळवून बसवायचा आणि मेखा ठोकायच्या. तुळईत हा सांधा आखूड पडला तर भार येताच तोंड उघडतो. नवा तुकडा ओला असेल तर तो सुकताना आकसतो आणि सांधा ढिला होतो. शिवाय वाकसाने तासलेला एक खांब दुसऱ्यासारखा नसतो, शंभर-दोनशे वर्षांच्या भाराने तो थोडा पिळलेला आणि कललेलाही असतो. कागदावरचे माप इथे कामाचे नाही. प्रत्येक खाच जागेवरच बेतून पटाशीने पाडावी लागते. हाताच्या कामाचा आग्रह धरायचा तो या कारणासाठी. त्यात भाबडेपणा काही नाही.

याउलट सर्रास होते ते असे. टोक कुजले की अख्खी तुळई उतरवली जाते आणि नवी चढते, किंवा जुनीच्या बगलेला लोखंडी चॅनल बोल्टने आवळला जातो आणि भिंतीतली पोकळी सिमेंटने बुजवली जाते. सिमेंट भिंतीतली ओल बाहेर सुटू देत नाही, ती लाकडाच्या टोकाशी साचते आणि ज्या रोगावर इलाज केला तोच पुन्हा सुरू होतो. हे अज्ञानातून होते असे म्हणणे सोपे आहे, पण मला त्याहून मोठे कारण हिशेबाच्या पद्धतीत दिसते. सरकारी दरसूचीत लाकूडकाम मुख्यतः घनमीटरवर मोजले जाते. जितके नवे लाकूड, तितके बिल. तीन दिवस खपून सुताराने बारा फुटांची तुळई वाचवली आणि त्यात दीड फुटाचा तुकडा घातला, तर मोजमापाच्या वहीत त्याचे काम जवळपास शून्य. त्यात निविदा सर्वांत कमी दराला जाणार. अशा व्यवस्थेत कंत्राटदाराने जुने लाकूड राखावे तरी कशासाठी? नक्षीचे तसे नाही. ती उद्घाटनाच्या दिवशी दिसते, तिचा दर वेगळा लागतो, आणि आता संगणकावर चालणारे यंत्र केळफुलांची रांग हुबेहूब कोरून देते. यंत्राला माझा विरोध नाही. फळी करवतीने हाताने कापली म्हणून ती अधिक प्रामाणिक होत नाही.

यावर अभियंत्यांचा आक्षेप वजनदार आहे. लोखंडाची ताकद आकड्यात मांडता येते, हाताच्या सांध्याची कशी मांडणार? इमारतीत माणसे वावरणार असतील तर जबाबदारी कोणी घ्यायची? काही जागी लोखंडाला पर्याय नाही हे मान्यच करावे लागेल. जळालेल्या किंवा वाळवीने पोखरलेल्या खांबाला केवळ परंपरेच्या नावाखाली उभे ठेवणे हा हट्ट ठरेल. पण लाकडी सांध्याची गणिते होत नाहीत हे खरे नाही. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे छप्पर १५ एप्रिल २०१९ रोजी जळाले, तेव्हा पोलाद आणि काँक्रीटचे पर्याय चर्चेत होते. तरीही छताची चौकट ओकचीच झाली, तिचा मोठा भाग सुतारांनी कुऱ्हाडीने तासला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इमारत लोकांसाठी उघडली. तंतूच्या कलाने तासलेले लाकूड करवतीच्या सरळ कापासारखे तंतू तोडत नाही, हा त्यामागचा विचार अभियांत्रिकीचाच होता. अर्थात फ्रान्सकडे पैसा होता, जगाचे लक्ष होते, आणि सुतारांच्या प्रशिक्षणाची न तुटलेली साखळी होती. पहिल्या दोन गोष्टी साताऱ्याच्या किंवा वाईच्या वाड्याला मिळणार नाहीत. तिसरी मिळू शकते, आणि बाकीचे तिच्यावरच अवलंबून आहे.

इथे दुसरा आक्षेप येतो, तो अधिक टोचणारा. ही विद्या बलुतेदारीत, जातीच्या चौकटीत टिकली. सुताराच्या मुलाने ती सोडून दुसरे काही केले तर हळहळ कसली? हळहळ करूच नये. तिच्यातल्या बंधनाचे गोडवे गाणारे लेख आपल्याकडे पुरेसे झाले आहेत. प्रश्न इतकाच, की जातीबाहेर ही विद्या शिकवण्याची सोय आपण केली का? १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये मिळतात, पायाभूत प्रशिक्षण पाच-सात दिवसांचे आहे. ज्याचे दुकान चालू आहे त्याला याचा उपयोग होईल. कललेल्या मजल्याखाली उभे राहून कोणते टेकू आधी काढायचे हे ओळखायला मात्र अनेक वर्षे चालू कामावर काढावी लागतात, आणि त्या कामांसाठी सतत मागणी लागते. जपानच्या इसे देवस्थानात दर वीस वर्षांनी मंदिरे नव्याने बांधली जातात, मागची खेप २०१३ ची. तिथे जुने लाकूड राखण्याचा आग्रह नाही, म्हणून आपल्या प्रश्नाला ते उदाहरण पुरते लागू पडत नाही. पण सुताराला आयुष्यात दोन-तीन वेळा तेच काम करायला मिळते, एवढे तरी त्यातून घेण्यासारखे आहे.

साहित्याची अडचण सांगितली जाते तितकी मोठी नाही. झपाट्याने वाढवलेल्या लागवडीच्या सागात कडेचे पांढरट लाकूड जास्त असते आणि वाळवी त्यालाच आधी धरते, ही तक्रार खरी आहे. मात्र पाडलेल्या वाड्यांचा मुरलेला साग जुन्या लाकडाच्या वखारीत येतच असतो; तो हॉटेलांच्या टेबलांत आणि फार्महाऊसच्या दारांत जातो, दुरुस्तीच्या कामांत क्वचित. तो आधी दुरुस्तीला मिळावा म्हणून महापालिकांनी पाडकामाच्या परवानगीतच लाकडाची नोंद सक्तीची करायला हरकत नाही. दुसरी सुधारणा त्याहून स्वस्त आहे. वारसाजतनाच्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेची ऐतिहासिक लाकडी वास्तूंविषयीची १९९९ ची तत्त्वे सांगतात की नवा तुकडा मूळच्याच जातीच्या लाकडाचा असावा आणि नंतर ओळखू यावा अशी बारीक खूण त्याच्यावर कोरावी किंवा डागावी. आपल्याकडे निविदेत प्रत्येक सांध्याचा स्वतंत्र दर धरावा, आणि काम संपल्यावर जुने लाकूड एका रंगात, नवे दुसऱ्या रंगात दाखवणारा नकाशा बिलासोबत मागावा. गाजावाजा होऊन पूर्ण झालेल्या किती वाड्यांचा असा नकाशा आज कोणी काढून दाखवील?