वहीतला पाचवा रकाना

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला येणाऱ्यांच्या हातात आता वही क्वचित दिसते. कॅमेऱ्यात तारीख-वेळ आपोआप उमटते आणि पक्ष्याचं नाव घरी जाऊन शोधता येतं. मी इथे गाइड आहे. आमचं घर मासेमारीचं. वडील तराफ्यावरून जाळं टाकायचे, मी दुर्बीण गळ्यात अडकवून पाहुण्यांना पक्षी दाखवतो. या पाहुण्यांपैकी एकाची वही मला एखाद्या चांगल्या पुस्तकासारखी वाचावीशी वाटते. ते नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. आधी मी त्यांना साहेब म्हणायचो आणि ते मला अहो-जाहो करायचे. आता ते काका आहेत आणि मी ‘अरे’. आमची मैत्री कशी जमली हे सांगायला गेलो तर मला नीट सांगता येणार नाही. वहीत मात्र ती ओळीओळीने दिसते.

वहीला हाताने आखलेले पाच रकाने आहेत. वेळ, जागा, पक्षी, संख्या हे चार कोणीही आखेल. पाचव्याच्या डोक्यावर लिहिलंय, ‘कोणी दाखवला’.

त्याआधी संख्येचा रकाना पाहू. बदकांच्या आकड्यामागे काका नेहमी ‘सुमारे’ लिहितात. थापट्या, तलवार बदकं, गडवाल पाण्यावर मिसळून बसतात, अर्धी शेवाळात डोकं खुपसून असतात. तिथे नेमका आकडा लिहिणं खोटं ठरेल. क्रौंचांपुढे मात्र ‘सुमारे’ कधीच नसतं. क्रौंच काठावर किंवा शेतात उंच उभे राहतात, एकेक मोजता येतात, म्हणून काका मोजतात आणि दुसऱ्या मनोऱ्यावर जाऊन पुन्हा मोजतात. किती ठामपणे बोलावं हे समोरच्या पक्ष्यावर ठरवायचं, ही शिस्त मला फार आवडते. जानेवारीच्या पाणपक्षी गणनेत नवी पोरं येतात, तेव्हा मी त्यांना ही पानं दाखवतो.

प्रत्येक पानाच्या वर पाण्याची नोंद असते. कालव्याला आवर्तन सुरू आहे का, बंधाऱ्याच्या भिंतीचे किती थर उघडे पडलेत, पाणवेली कुठपर्यंत आली आहे. ज्याला ही जागा कळली तोच असं लिहितो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा झाला तो शेतीच्या पाण्यासाठी. मागे गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, लव्हाळं माजलं आणि पक्षी उतरू लागले. 1986 साली अभयारण्य झालं. जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून नाव जाहीर झालं, तेव्हा चापडगावपासून खाणगाव थडीपर्यंत सगळ्यांना अभिमान वाटला. पण इथलं पाणी आजही वरच्या धरणांतून येतं आणि कालव्यांतून जातं. आवर्तनात पाणी ओसरलं की चिखल उघडा पडतो, मग शेकाटे आणि तुतवार. पाणी भरलं की लालसरी. काकांनी वरच्या ओळीत पाणी लिहिलं की खालची यादी का तशी आहे ते कळतं. नुसती यादी वाचली तर वाटेल, पक्षी आपल्या मर्जीने आले-गेले.

चुकलेलं नाव ते खोडरबराने पुसत नाहीत. एका ठिकाणी ‘घार’ लिहून त्यावर एकच बारीक रेघ मारली आहे आणि शेजारी ‘दलदली भोवत्या, मादी’. घार अजून वाचता येते. लांबून कशी फसगत झाली, हे पुढच्याला दिसावं म्हणून ती ठेवली आहे.

आता पाचवा रकाना. सुरुवातीच्या पानांत तिथे बहुतेक माझंच नाव आहे. मग हळूहळू इतर माणसं येतात. वाम धरणारा एक म्हातारा कोळी, ज्याने पाणकावळ्यांची रांग पाहून मासा कुठल्या अंगाला सरकलाय ते सांगितलं. मांजरगावच्या बाजूला शेळ्या वळणारी मुलगी, जिने जांभळ्या पाणकोंबडीची पिल्लं लव्हाळ्यात कुठे शिरतात ते दाखवलं. आणि भोवत्याच्या त्याच ओळीत पाचव्या रकान्यात लिहिलंय, ‘वारकऱ्यांनी’. हे वारकरी म्हणजे काळ्या अंगाचे, पांढऱ्या कपाळाचे पाणपक्षी. भोवत्या वरून फिरू लागला की पसरलेले वारकरी एकदम एकवटतात, पाण्यावर काळा डाग धरतो. ते पाहूनच काकांनी मान वर केली होती. श्रेय पक्ष्यांनाही द्यायचं, इतका या माणसाचा हिशेब चोख. या एका शब्दासाठी मी ती वही पुन्हा पुन्हा मागून घेतो.

पक्षीशास्त्रात दाखवणाऱ्याचं नाव बहुधा मागे राहतं. सलीम अलींनी बिहारमधल्या अली हुसेन या पक्षी पकडणाऱ्या मीरशिकाराचं कसब मोकळेपणाने नोंदवलं. मारुती चितमपल्लींनी नवेगाव बांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून आपण काय शिकलो ते लिहून ठेवलं. म्हणून ती नावं आज आपल्याला माहीत आहेत. काकांची वही छापली जाणार नाही. तरी शेळ्या वळणाऱ्या त्या मुलीचं नाव तिच्यात पक्क्या शाईने आहे. गाइडला पाहुणे पैसे देतात, बहुतेकजण आभारही मानतात. पण आपलं पाहणं कोणाच्या नोंदीत राहावं, हे मला या वहीपर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं.

एका ओळीवर मात्र आमचं अजून पटत नाही. कोठुऱ्याच्या अंगाला उतरलेल्या पट्टकादंबांची ओळ. हिमालय ओलांडून येणारे हे हंस त्या मोसमात पहिल्यांदाच दिसले होते आणि त्यांच्यापुढे काकांनी माझं नाव लिहिलंय. मी तेव्हा पाठमोरा उभा राहून दुसऱ्या पाहुण्यांना चित्रबलाक दाखवत होतो. काका म्हणतात, ‘अरे, कुठे बघायचं ते तूच शिकवलंस ना, मग तुझंच नाव.’ मला हे मान्य नाही. वही त्यांची, तिच्यात मी रेघ मारू शकत नाही. म्हणून इथे लिहितो, ते पट्टकादंब त्यांनी दाखवले.