‘बधिर’ आणि ‘सुन्न’ : एक अर्थभेद

मराठी समीक्षेत बोथटलेल्या जाणिवेसाठी ‘बधिर’ व ‘सुन्न’ ही विशेषणे सर्रास एकमेकांऐवजी योजली जातात. त्यांतील अर्थभेद मात्र उपेक्षणीय नाही. संस्कृतात ‘बधिर’ म्हणजे बहिरा. मराठीत हा शब्द कानापुरता न राहता त्वचेपर्यंत व तेथून मनापर्यंत पोचला. ‘बधिरीकरण’ ही वैद्यकीय संज्ञा या अर्थविस्ताराचीच साक्ष देते. बधिरतेत आघात होतो, पण तो जाणिवेपर्यंत पोचत नाही. ‘सुन्न’चे मूळ ‘शून्य’ या शब्दात आहे. येथे आघात पोचलेला असतो. त्याच्या तीव्रतेनेच जाणीव रिती होते. बधिरता हा संवेदनेचा अभाव, तर सुन्नपणा हा तिच्या अतिरेकाचा परिणाम होय.

हा भेद न पाळल्यास साहित्यकृतीचे मूल्यमापनच बदलते. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरच्या कोरड्या निवेदनाला बधिर म्हणणे म्हणजे त्याच्यावर संवेदनहीनतेचा आरोप ठेवणे होय. धाकट्या बहिणीचा, मनीचा मृत्यू त्याला किती खोलवर लागला आहे, हे कादंबरीच दाखवते. त्याचा कोरडेपणा सुन्नपणातून येतो. बधिर माणसाला आपली कहाणी सांगण्याची निकड भासत नाही. पांडुरंगला ती भासते.