वारसन शायर यांच्या कवितेतील माय-लेकी : विवाह, लैंगिकता आणि मौन

सोमाली मातापित्यांच्या पोटी १९८८ मध्ये नैरोबीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये वाढलेल्या वारसन शायर यांचा ‘टीचिंग माय मदर हाऊ टू गिव्ह बर्थ’ हा छोटेखानी संग्रह २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. लेक आईला प्रसूती शिकवते, असे हे शीर्षक ज्ञानाचा परंपरागत क्रमच उलटा करते. प्रत्यक्ष कवितांत मात्र असे शिकवणे कोठेही घडत नाही. विवाह व शरीरसंबंध यांविषयीचे बोलणे येथे अनेकदा समवयस्क स्त्रियांमध्ये होते. आई आणि लेक यांच्यामध्ये अनेकदा उरते ते मौन.

‘बर्ड्स’ या कवितेतील नववधू कौमार्याचा पुरावा म्हणून कबुतराचे रक्त वापरते आणि ते गुपित दूरध्वनीवरून मैत्रिणीला सांगते. ‘युवर मदर्स फर्स्ट किस’मधील आई आपला पहिला शरीरानुभव तरुणपणीच्या मैत्रिणीपाशी बोलते, लेकीच्या वाट्याला पुढे केवळ तिचा एक हुंकार येतो. ‘थिंग्ज वुई हॅड लॉस्ट इन द समर’मध्ये नात्यातील मुली सुंता होऊन नैरोबीहून परततात. त्यांच्या जखमांची चौकशी आई दूरध्वनीवर दबक्या आवाजात करते. आपल्या मुलीशी मात्र ती बोलत नाही.

या कवितांकडे ‘परंपरानिष्ठ आई विरुद्ध मुक्त लेक’ अशा द्वंद्वातून पाहणे अपुरे ठरते. २०२० च्या सोमाली आरोग्य व लोकसंख्या सर्वेक्षणानुसार तेथील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ९९ टक्के स्त्रियांची सुंता झालेली होती. या पार्श्वभूमीवर कवितेतील निवेदिका त्यातून सुटली आहे, ही बाब लक्षणीय होय. आईने कारण सांगितलेले नाही. परंतु परिवर्तन तिच्याच पिढीत सुरू झाले असण्याची शक्यता तिच्या मौनातून सूचित होते. मौन म्हणजे केवळ दडपण नव्हे, तो न उच्चारलेला निर्णयही असू शकतो.

संग्रहाची मर्यादाही येथेच आहे. आई प्रामुख्याने लेकीच्या दृष्टीतूनच दिसते. सोमाली मौखिक परंपरेत ‘बुरांबुर’ हा स्त्रियांचा स्वतंत्र काव्यप्रकार आहे आणि तो विवाहप्रसंगी आजही गायिला जातो. म्हणजे आईची पिढी मुकी नव्हती. तिची भाषा व तिचे श्रोते वेगळे होते. इंग्रजीत लिहिणारी लेक आईची वेदना जगापुढे मांडते. पण त्या वेदनेला आईने दिलेले शब्द तिच्या कवितेत फारसे उतरत नाहीत. म्हणूनच निर्वासित स्त्रियांच्या साहित्याचा अभ्यास केवळ इंग्रजी संहितांवर विसंबून करणे म्हणजे संवादाची एकच बाजू ऐकणे होय.