एक नाव, दोन फाइली

गेल्या उन्हाळ्यात धुळे जिल्ह्यातील काही विद्यार्थी विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी घेऊन जळगावला आमच्याकडे आले होते. सर्वांच्या फाइली एकाच लिनक्स सर्व्हरवर ठेवायच्या होत्या. दोन दिवसांनी पाहतो तो शिरपूर तालुक्यातील ‘तऱ्हाडी’ या गावाच्या नावाच्या तिथे दोन फाइली! नाव तंतोतंत तेच. निम्म्या नोंदी एकीत, निम्म्या दुसरीत. एका फोल्डरमध्ये एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत, असे आपण वर्गात सांगतो. मग हे झाले कसे?

चूक मुलांची नव्हती. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येते: एकाच संकेतांकाने, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनी. दोन्ही रूपे समान मानावीत, असे युनिकोडच सांगते. विंडोजवर मुलांनी टाइप केलेले नाव पहिल्या रूपात गेले. आमच्या जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क मात्र नाव साठवताना अक्षर फोडते, म्हणून तिच्यावरून आलेले नाव दुसऱ्या रूपात पोचले. लिनक्स अक्षरे वाचत नाही, बाइट जुळवतो. बाइट वेगळे, म्हणून फाइल वेगळी. ‘पुणे’ किंवा ‘धुळे’ या नावांना असा धोका नाही. इंग्रजीला तर नाहीच, आणि दुरुस्ती रेंगाळली ती त्यामुळेच, असा आमचा संशय आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, आणली. दूरची डिस्क आपल्याच यंत्रात असल्यासारखी वापरता यावी, ही कल्पना उत्तमच. पण ‘आपले यंत्र’ म्हणजे कोणाचे? विंडोज इंग्रजी नावातील लहान-मोठी अक्षरे एकच मानते, लिनक्स वेगळी. लिनक्सच्या बहुतेक फाइल प्रणालींत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम ८५ चिन्हे.

माणूस ओळखण्याची तऱ्हाही अशीच. तिसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या रूढ पद्धतीत सर्व्हर वापरणाऱ्याला नावाने नव्हे, क्रमांकाने ओळखतो, आणि तो क्रमांक समोरचे यंत्र सांगेल तो. पाचवा हजेरी क्रमांक नववीतही असतो आणि दहावीतही. वर्ग न विचारता गुणपत्रक हातात दिले तर काय होईल, हे शिक्षकांना सांगायला नको.

चौथ्या आवृत्तीने २००० मध्ये नावे यूटीएफ-८ मध्ये असावीत असे ठरवले. पण दोन रूपांपैकी कोणते वापरायचे, याची सर्वांना एकसारखी सक्ती केली नाही. आमच्या मते हा नियमच अर्धा सोडून दिला गेला. मॅकवर एनएफएस जोडताना ‘एनएफसी’ हा पर्याय दिला की नावे जोडलेल्या रूपात जातात; पण तो पर्याय आहे हे आधी कोणीतरी सांगावे लागते.

आम्हाला तो उशिरा कळला. तऱ्हाडीच्या दोन्ही फाइली हाताने एकत्र केल्या, तेव्हा दोन तारखांना दोन वेगवेगळे आकडे निघाले. खरा कोणता, हे शेवटी मुलांच्या वहीवरून ठरवावे लागले.